जपानी स्विच २ स्वस्तात मिळतोय, आणू देऊ का? सोनीच्या पीएस ५ च्या अमेरिकन डिस्कबद्दलही विचारायचं आहे

त्रिमूर्तीनगरची_रात्रपाळी

नमस्कार मंडळी. दिवसा एका सहकारी बँकेत काउंटरवर बसते आणि रात्री घरचे झोपले की जपानी आरपीजी, म्हणजे लांबलचक कथेचे व्हिडिओ गेम, खेळते. चाळिशी जवळ आली तरी हे सुटलं नाही, आणि सुटावं असं वाटतही नाही. नवऱ्याला वाटतं मी मोबाइलवर मालिका पाहते. वाटू दे.

धाकटा भाऊ ओसाकाला नोकरीला आहे, दिवाळीला येतोय. परवा फोनवर म्हणाला, "ताई, तुला स्विच २ आणतो, निन्टेन्डोचा नवा गेम कन्सोल, इथे फार स्वस्त आहे." मी शोधाशोध केली तर खरंच आहे. ५ जून २०२५ ला तो बाजारात आला तेव्हा जपानमध्ये फक्त जपानी भाषेच्या मॉडेलची किंमत होती ४९,९८० येन, आणि सगळ्या भाषा असलेल्या मॉडेलची ६९,९८० येन. वीस हजार येनचा फरक! तेव्हाच्या भावाने स्वस्तवाला तीस हजार रुपयांच्या आसपास पडत होता. इथे नागपुरात बर्डीवर एका दुकानात विचारून आले. निन्टेन्डो भारतात स्विच अधिकृतपणे विकतच नाही, त्यामुळे जो काही माल येतो तो कोणी ना कोणी बाहेरून आणलेला असतो. दुकानदाराने जो आकडा सांगितला तो ऐकून मी शेजारी पाणीपुरी खाल्ली आणि घरी आले. पक्कं बिल मागितलं तर माझ्याकडे असा पाहत होता जणू मी त्याची जमीनच मागितली.

तर प्रश्न असा. मला जपानी येत नाही, आरिगातोच्या पुढे गाडी जात नाही. सध्या जुना स्विच आहे, त्यावरचं खातं अमेरिकेचं आहे कारण ई-शॉपच्या, म्हणजे निन्टेन्डोच्या ऑनलाइन दुकानाच्या, यादीत भारत नाही. त्या खात्यावर बरेच गेम घेतलेत. ते खातं जपानी मॉडेलला जोडता येईल का? भाऊ म्हणतो, "स्विच रीजन फ्री आहे गं, कुठल्याही देशाचं चालतं, काही होत नाही."

दुसरं, पीएस ५ चं. वहिनी, म्हणजे मोठ्या भावाची बायको, न्यू जर्सीला असते. तिकडे सेल लागला की डिस्क फार कमी किमतीत मिळतात, ती पाठवायला तयार आहे. पण त्याच दुकानदाराने विचारलं, "आर वन का आर टू?" मी काय सांगणार. मला डीएलसी, म्हणजे गेमला नंतर जोडायचे वेगळे भाग, लागतात, अर्धी कथा सोडून झोप येत नाही.

तिसरा प्रश्न नाही, राग आहे. पर्सोना ५ जपानला सप्टेंबर २०१६ मध्ये आला, आपल्याला एप्रिल २०१७ मध्ये. ड्रॅगन क्वेस्ट ११ जपानला जुलै २०१७, बाकी जगाला सप्टेंबर २०१८. तोवर शेवट कोणी ना कोणी फोडलेलाच असतो. हे असं काऊन?

ऑरेंज_सिटी_स्नायपर

ताई टेन्शन नका घेऊ. रीजन लॉक मेला केव्हाच. पीएस ४, पीएस ५, स्विच, सगळं मोकळं आहे. माझ्याकडे दुबईहून आलेली डिस्क आहे, मस्त चालून राहिली. भावाले सांगा दोन आण, एक मी घेतो 😄

बर्डीचा_पार्लरवाला

स्नायपर भाऊ, डिस्क चालते हे खरं आहे. ताईंनी विचारलं ते वेगळं आहे.

ताई, आधी तातडीचं सांगतो, नाहीतर तुमचा भाऊ दुकानात जाऊन उभा राहील. ४९,९८० वालं मॉडेल घेऊ देऊ नका. त्याची भाषा जपानी, आणि ती बदलता येत नाही. वर त्याला जे निन्टेन्डो खातं जोडायचं त्याचा देश जपानच असावा लागतो. तुमचं अमेरिकेचं खातं आहे तसं त्याला जोडलं जाणार नाही. खात्याचा देश बदलता येतो म्हणा, वॉलेटमधली शिल्लक संपवून. पण मग दुकान उघडेल जपानचं, आणि २५ मार्च २०२५ पासून त्या दुकानात जपानबाहेर दिलेलं क्रेडिट कार्ड घेत नाहीत, बाहेरचं पेपालही नाही. म्हणजे दर वेळी भावाने तिकडून प्रीपेड कार्ड घ्यायचं आणि तुम्हाला नंबर पाठवायचा. त्यात मेन्यू जपानी, सेटिंग जपानी, काही बिघडलं तर बिघाडाचा संदेशही जपानी. जे गेम कन्सोलची भाषा पाहून आपली भाषा ठरवतात तेही तुमच्याशी जपानीतच बोलतील.

असं मॉडेल काऊन काढलं असेल ते समजायला फार डोकं लागत नाही. येन पडलेला आहे. जपानी गिऱ्हाइकाला परवडेल अशी किंमत ठेवली तर बाहेरचे लोक पेट्या भरभरून नेणार. म्हणून स्वस्त पेटीला भाषेचं आणि खात्याचं कुलूप. तुमच्या भावाचं "रीजन फ्री" पहिल्या स्विचसाठी खरं होतं, मार्च २०१७ मध्ये आला तेव्हा. कार्ट्रिज कुठलंही चालायचं, खातं कुठलंही चालायचं. निन्टेन्डोच्याच त्याआधीच्या ३डीएस, वी आणि वी यू या तिन्ही यंत्रांवर कुलूप होतंच.

आता थोडं जुनं सांगतो, ज्याला घाई असेल त्याने पुढच्या उत्तरावर उडी मारावी.

मी आधी महाल भागात आणि मग बर्डीवर गेम पार्लर चालवलं, आता फक्त दुरुस्ती करतो. नव्वदच्या दशकात नागपुरात घरोघरी जे टीव्ही गेम होते ते निन्टेन्डोच्या जुन्या जपानी फॅमिकॉम यंत्राच्या नकला. त्यांची कॅसेट ६० पिनांची. एकदा एक पोरगं अमेरिकेहून काकाने आणलेली एनईएसची, म्हणजे फॅमिकॉमच्या अमेरिकन भावाची, कॅसेट घेऊन आलं. ती ७२ पिनांची, आणि आकारही वेगळा. शिरेचना. गेम एकच, कंपनी एकच, पण कॅसेटचा सांगाडाच दुसरा. अमेरिकन यंत्रात वर एक चिपही असे, १०एनईएस नावाची. कॅसेटमधली जोडीदार चिप तिला सापडली नाही की यंत्र स्वतःला रीसेट करत बसायचं. जपानी फॅमिकॉममध्ये ही भानगड नव्हती.

मग टीव्हीची गोष्ट. आपला टीव्ही पाल पद्धतीचा, सेकंदाला ५० वेळा चित्र रंगवणारा. जपान-अमेरिकेचा एनटीएससी, ६० वेळा. बऱ्याच कंपन्या ६० साठी लिहिलेला गेम फार काही न बदलता ५० वर ढकलून द्यायच्या. मग तो सहाव्या हिश्शाने मंद चाले, आणि पालच्या पडद्यावर ओळी जास्त असल्यामुळे वरखाली काळे पट्टे येत. सेगाच्या पाल मेगा ड्राइव्ह यंत्रावरचा सुसाट पळणारा सोनिक म्हणजे सकाळी फुटाळा तलावावर फिरायला आलेले रिटायर्ड काका. मी तासाने पैसे घेत होतो, त्यामुळे माझी काही तक्रार नव्हती. आणि अमेरिकेचा जाडा पीएस २ कोणी आणला तर आणखी निराळंच, तो १२० व्होल्टचा. मध्ये ट्रान्सफॉर्मर न लावता थेट आपल्या २३० ला लावला की पॉवर सप्लाय गेलाच समजा. असे पीएस २ माझ्या टेबलावर खूप आले.

पण खरी गंमत ऐका. पीएस २ वर रीजन लॉक कडक होता, तरी नागपुरात तो कोणाला ठाऊकच नव्हता. कारण दुकानातून यंत्र यायचं तेच चिप मारून. चिप बसवायची ती बर्डीच्या फूटपाथवरच्या डिस्क चालाव्या म्हणून, पण तीच चिप रीजनलाही बाजूला सारायची. म्हणजे फूटपाथवरून डिस्क घेणाऱ्याला सगळं जग मोकळं, आणि ज्याच्या मामाने अमेरिकेतून पावतीसकट खरी डिस्क आणली त्याच्या पडद्यावर नुसती सूचना. आपल्याकडे रीजन लॉक लोकांना भेटला तो लोक सरळ मार्गाने गेम विकत घ्यायला लागले तेव्हा. मला यात कुलूप बनवणाऱ्यांचं पुरतं हसं झालेलं दिसतं.

आता तुमच्या पीएस ५ चं. पीएस ३ पासून सोनीच्या यंत्रांनी गेमच्या डिस्कला मोकळीक दिली. अपवाद मोजकेच. २०१२ चा पर्सोना ४ अरेना तेवढा लक्षात राहिला, पीएस ३ वर रीजन लॉक लावलेला तो पहिला गेम. तेव्हा जो आरडाओरडा झाला तो झाला. पीएस ४ आणि पीएस ५ वर डिस्क कुठलीही घाला. पण डिस्कचं कुलूप गेलं ते खात्यावर येऊन बसलं. प्रत्येक डिस्कला आपल्या विभागाचा नंबर असतो आणि डीएलसी त्या नंबराशी जुळावी लागते. डीएलसी मिळते दुकानातून, आणि दुकान कोणतं उघडणार ते खात्याचा देश ठरवतो. भारताचं पीएसएन (प्लेस्टेशनचं ऑनलाइन) दुकान सोनीच्या युरोप विभागात मोडतं. म्हणून भारतीय खात्यावरून घेतलेली डीएलसी युरोपच्या डिस्कला लागते, अमेरिकेच्या डिस्कला साधारणपणे लागत नाही. पैसे जातात, डीएलसी यादीत दिसते, गेममध्ये मात्र पत्ता नाही.

दुकानदार आर वन, आर टू, आर थ्री म्हणतो ते डीव्हीडीच्या काळापासून चालत आलेलं आहे. १ म्हणजे अमेरिका, २ म्हणजे युरोप आणि जपान, ३ म्हणजे आग्नेय आशिया. डीव्हीडीत भारत होता ५ मध्ये, रशिया आणि आफ्रिकेबरोबर, आणि गेमच्या डिस्कमध्ये तोच भारत युरोपबरोबर. आपल्याला कुठे बसवायचं ते प्रत्येकाने आपापल्या सोयीने ठरवलेलं. पीएस ३ च्या काळात डब्याच्या कण्यावरच कळायचं, बीएलईएस म्हणजे युरोप, बीएलयूएस अमेरिका, बीएलएएस आशिया. आता नुसता नंबर वाचून ते एवढं सरळ कळत नाही, म्हणून दुकानदाराला विचारा आणि त्याने ठामपणे सांगितलं तरी डब्याच्या मागची बाजू बघा. युरोपचा डबा असेल तर वयाचं चिन्ह पेगीचं असतं, अमेरिकेच्या डब्यावर ईएसआरबीचं.

ऑरेंज_सिटी_स्नायपर

अंकल डीएलसी घेते कोण बे आजकाल? कंप्लीट एडिशन घ्यायची, विषय संपला. आणि मी तर म्हणतो डिस्कच काऊन घ्यायची, डिजिटल घ्या.

बर्डीचा_पार्लरवाला

कंप्लीट एडिशनच्या डब्यात काय आहे ते पाहून घ्या भाऊ. काही डब्यांत सगळं डिस्कवर असतं, त्याला तोड नाही. काहींत डिस्क जुनीच आणि डीएलसीचा कोड कागदावर. तो कोड त्या विभागाच्या खात्यालाच लागतो. सेकंडहँड घेतली तर कोड आधीच वापरलेला, मग तर कंप्लीट हे नुसतं डब्यावर लिहिलेलं. आणि डिजिटलचं म्हणाल तर ते खात्याला शंभर टक्के बांधलेलं. ना विकता येतं, ना मित्राला देता येतं. डिस्क निदान हातात तरी राहते.

औंधातला_नागपूरकर

पार्लरवाले काकांनी जे सांगितलं त्याला माझी एक पुरवणी. मी पुण्यात असतो, ऑफिसमधले अर्धे लोक अमेरिकेला जाऊन येऊन असतात, त्यामुळे अमेरिकन डिस्क माझ्याकडे भरपूर आहेत.

ताई, पीएसएन खात्याचा देश नंतर बदलता येत नाही, निन्टेन्डोसारखी सोय तिथे नाही. म्हणून लोक दुसरं खातं काढतात, अमेरिकेचं. एकाच पीएस ५ वर दोन्ही खाती ठेवता येतात. अमेरिकन खात्यात त्या डिस्कची डीएलसी घ्यायची, आणि त्या खात्यातून सेटिंगमध्ये जाऊन "कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले" चालू करायचं. मग तीच डीएलसी तुमच्या भारतीय खात्यावरून खेळतानाही मिळते. ट्रॉफी आणि सेव्ह (कुठवर खेळलात त्याची नोंद) तुमच्या नेहमीच्या खात्यातच जमा होतात. मी असंच खेळतो.

अडचण पैसे भरायची आहे. अमेरिकेच्या दुकानात भारतातलं कार्ड सहसा घेत नाहीत, त्यामुळे डॉलरचा गिफ्ट कोड लागतो. तुमची वहिनीच तिथे आहे म्हटल्यावर ती एखाद्या दुकानातून घेऊन नंबर पाठवू शकते. ऑनलाइन कुठल्याही अनोळखी साइटवरून कोड घेऊ नका, वापरलेले कोड विकणारे भरपूर आहेत. आणि हेही स्पष्ट सांगतो, तुम्ही जिथे राहत नाही त्या देशाचं खातं काढणं हे त्यांच्या अटींत बसत नाही. सगळे करतात, पण उद्या त्या खात्याचं काही झालं तर तक्रार कोणाकडे करणार? त्यामुळे त्या खात्यात भरमसाट पैसे टाकून ठेवू नका.

आणखी एक. युरोपच्या डिस्कवर अर्धा गेम खेळून झाला आणि मग अमेरिकन डिस्क स्वस्तात मिळाली म्हणून बदलली, तर जुना सेव्ह तिला लागेलच असं नाही. पुष्कळ गेम वेगळ्या विभागाचा सेव्ह ओळखत नाहीत. आरपीजीवाल्या माणसासाठी हे डीएलसीपेक्षाही वाईट.

त्रिमूर्तीनगरची_रात्रपाळी

काका, नागपूरकर, दोघांचेही आभार. सेव्हचं वाचून अंगावर काटा आला.

भावाला फोन केला. तो म्हणतो ६९,९८० वालं मॉडेल निन्टेन्डोच्या स्वतःच्या ऑनलाइन दुकानातूनच मिळतं, बाहेर नाही. त्याला माझं अमेरिकेचं खातं चालेल ना? आणि त्याची पिन आपल्या सॉकेटला लागेल का, का त्यालाही १२० व्होल्टची भानगड?

आणि काका, तिसऱ्या प्रश्नाचं कोणीच काही बोललं नाही. आपल्याला सगळं उशिरा का, ते सांगा. बँकेत लोकांना "सर्व्हर डाऊन आहे" सांगून मी दिवस काढते, त्यामुळे खरं कारण आणि सांगायचं कारण यांतला फरक मला कळतो.

बर्डीचा_पार्लरवाला

बहुभाषी मॉडेलला चालेल, खातं कुठल्याही देशाचं जोडा. अॅडॉप्टर १०० ते २४० व्होल्टचा असतो, फक्त दोन चपट्या पिनांचा, त्याला कन्व्हर्टर लागेल. तो चांगला घ्या. बर्डीवर रस्त्यावर मिळणारा सैल असतो आणि ठिणग्या मारतो. वॉरंटी मात्र जपानची. इथे बिघडला तर माझ्यासारख्याकडेच यावं लागेल, आणि स्विच २ चे सुटे भाग माझ्याकडेही नाहीत. उन्हाळ्यात कूलरच्या झोतात ठेवू नका एवढं आत्ताच सांगून ठेवतो. कूलरची ओल पोर्टमध्ये शिरते, मे महिन्यात माझ्याकडे तेच रोगी जास्त.

आता उशिराचं. ताई, उशीर दोन जातीचा असतो. एक कामाचा, एक मनाचा.

ड्रॅगन क्वेस्ट ११ चा उशीर मी कामाचा धरतो. एवढं अवाढव्य भाषांतर, आणि जपानी मूळ आवृत्तीत आवाजच नव्हते, बाहेरच्यासाठी इंग्रजी आवाज भरले. त्याला वेळ लागणार. तुम्हाला राग आला तरी मी कंपनीची बाजू घेतो.

पण झेनोब्लेड क्रॉनिकल्स आठवतो का? जून २०१० ला जपानमध्ये वी वर आला. ऑगस्ट २०११ ला युरोपात आला, इंग्रजीत, पूर्ण आवाजासकट. म्हणजे भाषांतर झालेलं, डिस्क छापलेली, बॉक्सवर इंग्रजी मजकूर. तरी अमेरिकेत यायला एप्रिल २०१२ उजाडला. अमेरिकन खेळाडूंनी ऑपरेशन रेनफॉल नावाची मोहीम काढली, त्याच्यासाठी आणि आणखी दोन गेमांसाठी पत्रं पाठवली, मागण्या केल्या. विचार करा, त्या माणसाला युरोपची इंग्रजी डिस्क टपालाने मागवता येत होती, पण त्याचा वी ती वाचत नव्हता. कुलूप नसतं तर उशिराला काही अर्थच उरला नसता. म्हणून मी म्हणतो, उशीर आणि कुलूप हे एकाच मालकाचे नोकर आहेत. माल कुठे, कधी आणि किती किमतीला विकायचा ते मालकाच्या हातात राहावं, एवढ्यासाठी हे दोघं पगारावर. पर्सोना ४ अरेनाचंही तेच. डिस्कवर इंग्रजी होती, जपान आणि अमेरिकेत २०१२ च्या जुलै-ऑगस्टमध्ये आला, युरोपला मे २०१३. स्वस्त अमेरिकन डिस्क जपानी गिऱ्हाइकाने मागवू नये म्हणून कुलूप, आणि त्यात चिरडला गेला युरोपवाला, ज्याचा या भांडणाशी काही संबंध नव्हता.

आणि बघा, मनात आलं तर होतं. पर्सोना ५ सात महिने उशिरा आणणाऱ्या त्याच अॅटलसने मेटाफर रीफँटाझिओ ११ ऑक्टोबर २०२४ ला सगळ्या जगात एकाच दिवशी आणला. भाषांतर करणारे तेव्हाही माणसंच होते. आधीपासून सोबत कामाला लावले, एवढाच फरक.

आपल्या भारताचं आणखी निराळं. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० अमेरिकेत नोव्हेंबर २००५ ला, आपल्याकडे सप्टेंबर २००६. पीएस ३ आला एप्रिल २००७ ला, ३९,९९० रुपयांना. पीएस ४ अमेरिकेत १५ नोव्हेंबर २०१३, इथे ६ जानेवारी २०१४. एक्सबॉक्स वन तर दहा महिने मागे, सप्टेंबर २०१४. दर वेळी लोक सांगतात, आयात, कस्टम, वितरक, परवानग्या. असतीलही. पण मग नोव्हेंबर २०२० पाहा. एक्सबॉक्स सिरीज एक्स १० तारखेला जगाबरोबर भारतात मिळाला, आणि दोन दिवसांनी अमेरिकेत निघालेला पीएस ५ आपल्याकडे यायला २ फेब्रुवारी २०२१ उजाडला. कस्टम एकच, बंदर एकच. ज्याला यायचं होतं तो आला.

सरकारी अडथळा खरा असतो तेव्हा तोही सांगतो, उगाच कंपन्यांच्या डोक्यावर सगळं टाकणार नाही. पीएस ५ प्रो नोव्हेंबर २०२४ मध्ये जगभर आला, भारतात नाही. त्याचं वायफाय ६ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरतं आणि तो पट्टा तेव्हा आपल्याकडे वायफायसाठी खुला नव्हता. हे कारण मला पटतं. पण फॉलआउट ३ चं बघा. ऑक्टोबर २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की एक्सबॉक्स ३६० साठी तो भारतात आणणार नाही, सांस्कृतिक संवेदनशीलतेमुळे. नेमकं कशामुळे ते त्यांनी सांगितलं नाही. त्या गेममध्ये दोन तोंडांच्या गाईगुरांना ब्राह्मिन म्हणतात, लोकांनी त्याकडे बोट दाखवलं. इथे ज्याला खेळायचा होता त्याने कुठूनतरी खेळलाच. माझ्याकडेही विचारायला पोरं यायची. मी काय उत्तर द्यायचो ते इथे लिहीत नाही.

हो, आणि २०१३ चा तमाशा राहिला. एक्सबॉक्स वन आधी जाहीर झाला तेव्हा त्यावर रीजनचं कुलूप असणार होतं, आणि ठरावीक देशांतच तो चालणार होता. सुरुवातीची यादी २१ देशांची. त्यात भारत नव्हता हे आपण मनाला लावून घेत नाही, सवय आहे. पण त्यात पोलंडही नव्हता, आणि त्या वर्षीच्या गेमच्या मेळ्यात ज्या विचर ३ चं कौतुक चाललं होतं तो गेम पोलंडमध्येच बनत होता! बनवणाऱ्याला आपल्याच घरी तो त्या यंत्रावर खेळता आला नसता. लोकांनी इतकी बोंब मारली की १९ जून २०१३ ला कंपनीने सगळं मागे घेतलं. म्हणून सांगतो, ओरडल्याने काही होत नाही असं नाही. फक्त ओरडणारे अमेरिकेत असावे लागतात.

ऑरेंज_सिटी_स्नायपर

पोलंडवालं माहीत नव्हतं बे, भारी. पण अंकल, ओरडायचं कोणाकडे? इथे निन्टेन्डोचं ऑफिसच नाही, ओरडलो तरी ऐकते कोण.

बर्डीचा_पार्लरवाला

तेच तर सांगून राहिलो.

औंधातला_नागपूरकर

ताई, अजून ऑर्डर दिली नसेल तर अमेरिकेतल्या स्विच २ ची किंमतही एकदा बघा. तिकडे जपानसारखं वेगळं कुलूपवालं मॉडेल नाही, आणि तुमचं खातं अमेरिकेचंच आहे.

त्रिमूर्तीनगरची_रात्रपाळी

बघितली. हिशेब करणं हे तर माझं पोट. बाजारात आला तेव्हा अमेरिकेत ४४९.९९ डॉलर, पण तिथे छापील किमतीवर कर वेगळा, न्यू जर्सीत ६.६२५ टक्के. म्हणजे ४८० डॉलर पडले. जपानच्या ६९,९८० मध्ये कर धरलेला आहे. तेव्हाच्या भावाने रुपयांत दोन्ही ४१-४२ हजारांच्या घरात, कोण महाग ते त्या दिवशी डॉलर चढला की येन यावर. वहिनी दिवाळीला येत नाही, भाऊ येतो. त्यामुळे ओसाकाचा बहुभाषी ठरला. वरचे वीस हजार येन मी देणार, भाऊबीजेच्या ओवाळणीत धरू नकोस असं त्याला सांगितलंय. तो कुरकुरला, कारण त्याने स्वस्तवाला मनातल्या मनात बॅगेत भरून ठेवला होता.

वहिनीला कळवलं की ज्यांची सगळी कथा डिस्कवर आहे तेवढेच गेम पाठव, आणि डब्याच्या मागचा फोटो आधी टाक. डीएलसीवाले मी इथूनच युरोपचे घेईन, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. दुसरं खातं सध्या नको. बँकेत केवायसी करणारी बाई घरी खोटा पत्ता भरते, हे मला झेपणार नाही.

काका, कन्व्हर्टर घ्यायला कुठे यायचं ते निरोपात कळवा.

ऑरेंज_सिटी_स्नायपर

ताई मग जुना स्विच विकून राहिल्या का? सांगा, संध्याकाळी त्रिमूर्तीनगरले येऊन घेऊन जातो. कॅश.

त्रिमूर्तीनगरची_रात्रपाळी

नाही. त्यावर झेनोब्लेड अर्धा राहिलाय.